बारा ते तीनची पाळी

गल्लीतल्या लोकांच्या लेखी त्या लाँड्रीवाल्या ताया होत्या. आत प्रार्थना चालते हे फारसं कोणाच्या ध्यानात नव्हतं. समोरच्या रुग्णालयाच्या चादरी तिथून पांढऱ्याशुभ्र होऊन येतात, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी मळक्या गाठोड्यांची ढकलगाडी यायची आणि संध्याकाळी घड्या घातलेल्या चादरींची परत जायची. घड्या तरी कशा? रुग्णालयातली एक परिचारिका म्हणायची, "या चादरीवर झोपायला पेशंट घाबरतो हो, मोडली तर काय घ्या!"

त्या घड्यांमागचा हात घड्याळताईंचा. दीक्षा घेऊन बहीण होताना प्रत्येकीने आपलं नाव बाहेर ठेवून आत यायचं, असा त्या घराचा नियम होता, म्हणून आत जी ती आपल्या खोडीवरून ओळखली जाई. यांची खोडी वेळेची. चाळीस वर्षांत एका मिनिटाचा उशीर नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना ढकलगाडीपाशी पाहून भिंतीवरचं घड्याळ लावायचा. हे कानावर आलं तेव्हा "काहीतरीच तुमचं!" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवसापासून मान जरा जास्तच वर करून चालू लागल्या. मुळात उंच बाई, त्यात ही ऐट. त्यांच्यासमोर उभं राहिलं की माणूस नकळत सदरा नीट करायचा.

प्रार्थनेची खोली लाँड्रीच्या पलीकडे, बोळाच्या टोकाला होती. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद. मूर्ती नाही, चित्र नाही. समोर चुन्याची कोरी भिंत, एक दिवा आणि जमिनीवर एक जाड आसन. त्या आसनावर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा कोणी ना कोणी बसलेलं असलंच पाहिजे. एक्क्याण्णव वर्षं हे चाललं होतं. मधे साथी आल्या, एकदा अर्धं छप्पर उडालं, पण आसन रिकामं राहिलं नाही.

पाळी बदलायची रीतही ठरलेली. पुढची बाई मागच्या दाराने येते आणि बसलेलीच्या डाव्या खांद्यावर आपला उजवा हात ठेवते. बसलेली उठते, पुढच्या दाराने बाहेर पडते आणि तडक लाँड्रीत जाऊन हाताशी असेल ते काम उचलते. वळून पाहायचं नाही, बोलायचं नाही. कोण उठलं आणि कोण बसलं, याला तिथे किंमत नव्हती. कोणीतरी बसलेलं आहे, याला होती.

आणि दोन गोष्टींना त्या घरात माफी नव्हती. एक, आसन रिकामं सोडणं. दुसरी, मरणाऱ्या बहिणीला एकटं सोडणं.

एके काळी तीस जणी होत्या. आता तीन उरल्या होत्या. थोरल्या नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. धाकटी चाळिशीची. तिला धाकटी म्हणायचं, कारण तिच्यानंतर कोणी आलंच नाही. आणि बासष्टच्या घड्याळताई. सहा ते नऊ आणि बारा ते तीन या पाळ्या त्यांच्या, उरलेल्या दोन धाकटीच्या. जी मोकळी असेल तिने चादरींच्या इस्त्रीचा वाफेचा प्रेस चालवायचा आणि थोरल्यांचं बघायचं. दोघींच्या जिवावर सगळं घर उभं होतं, आणि उभं होतं याचा घड्याळताईंना केवढा तरी अभिमान होता.

एक गोष्ट मात्र धाकटीला माहीत नव्हती. घड्याळताईंच्या प्रार्थनेत बावीस वर्षं कोणी नव्हतं.

तसं आधी होतं. त्या डोळे मिटून बसत आणि समोर कोणीतरी ऐकतंय हे त्यांना कळत असे, अंधाऱ्या खोलीत शेजारी माणूस झोपलेलं कळतं तसं. मग एका मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी ते गेलं. ना भांडण, ना पाप, ना आजार. खोली तीच, दिवा तोच, शब्द तेच, पण ऐकणारा उठून गेलेला. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग थोरल्यांना गाठलं. थोरल्या तेव्हा धडधाकट होत्या, अभ्र्यांना बटणं लावत बसल्या होत्या.

"समोर कोणी नाही," घड्याळताई म्हणाल्या.

थोरल्यांनी दोरा दातांनी तोडला. "मग उद्या काय करणार?"

"बाराला बसणार."

"झालं तर."

तेवढ्यावर विषय संपला. त्यानंतर घड्याळताईंनी देवाकडे काहीही मागितलं नाही. जो घरात नाही त्याच्या दारात हात पसरायचा नाही, हा त्यांचा ताठा. पण दार राखणंही सोडलं नाही. गोड लागतंय तोवर कोणीही बसेल, या कडू बावीस वर्षांत बसून दाखवलं ते मी, असं त्या मनाशी म्हणायच्या. हा गर्व झाला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. गर्वाशिवाय एवढी वर्षं कोण कशाच्या आधारावर काढतं, ते आधी त्याने सांगावं.

अशा या बाईच्या खांद्यावर एका सोमवारी हात पडला.

त्या उठल्या, पुढच्या दाराने निघाल्या, बोळातून लाँड्रीत आल्या. प्रेसपाशी धाकटी उभी होती. कोपरापर्यंत ओली, तोंडात चिमटा. वर भिंतीवर घड्याळ. एक वाजून वीस मिनिटं.

"ताई?" धाकटीने चिमटा काढला. "तुम्ही इथे? मग आत कोण आहे?"

घड्याळताईंना आधी भीती वाटली नाही. आधी लाज वाटली. वेळेच्या आधी उठल्या होत्या त्या, आयुष्यात पहिल्यांदा! आणि आसन? त्या वळल्या आणि बोळ ओलांडून मागच्या दाराकडे जवळजवळ धावल्या. दार ढकललं. आसनावर कोणी नव्हतं. दिवा जळत होता. त्या गुडघे टेकून बसल्या. आसन गरम होतं. उठून पाच-सात मिनिटं होऊन गेली होती, जमीन फरशीची, दिवस थंडीचे. तरी आसन अगदी आत्ताच कोणी उठावं तसं गरम होतं.

संध्याकाळी त्यांनी थोरल्यांच्या अंथरुणापाशी बसून सगळं सांगितलं. "माझ्या हातून आसन रिकामं राहिलं," त्या म्हणाल्या. "शीर आखडली असेल खांद्याची. मी मूर्खासारखी उठले."

थोरल्यांचे डोळे मिटलेले होते. त्या झोपल्या, असंच वाटलं. मग म्हणाल्या, "उजवा होता की डावा?"

"काय?"

"हात गं."

घड्याळताईंनी आठवून पाहिलं. "उजवा."

"आणि खांदा?"

"डावा."

"मग नियमाने आलं जे आलं ते," थोरल्या म्हणाल्या. "दूध जरा कोमट कर. कालचं फार कडकडीत होतं."

त्यानंतर नऊ दिवस काहीच झालं नाही. घड्याळताई बसत होत्या, उठत होत्या, धाकटीचा हात पडला की आधी मनात वेळ मोजत होत्या. शीरच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग बॉयलरची नळी गळायला लागली आणि त्यांचा भाऊ आला. धाकटा भाऊ, बॉयलर दुरुस्त करणारा, तोंडाचा फटकळ. दर वेळी आला की विचारायचा, "काय तायडे, देव काय म्हणतो? पेन्शन-बिन्शन देणार आहे का?" आणि ती दर वेळी म्हणायची, "तू आधी नळी बघ." त्यात दोघांचं प्रेम भागत असे. गळती बोळात होती, म्हणून तो दुपारभर तिथे पालथा पडून काम करत होता. प्रार्थनेच्या खोलीच्या मागच्या दाराला हातभर काच होती. तिच्या बरोबर समोर.

तीन वाजता घड्याळताई लाँड्रीत आल्या तेव्हा तो स्टुलावर बसला होता. चहा समोर तसाच. हात पुसायचं फडकं पुन्हा पुन्हा पिळत होता.

"झालं काम?"

"झालं. तायडे, ती तुमची धाकटी एवढा वेळ तुझ्या खांद्यावर हात ठेवून का उभी होती?"

"कधी?"

"मघाशी. दोनच्या सुमारास. मी म्हटलं, आता उठेल, मग उठेल. अर्धा तास गं. ती नुसती उभी, आणि तू नुसती बसलेली."

दोन वाजता धाकटी थोरल्यांना भरवत होती. त्यांच्या खोलीतून वाटीचा आवाज प्रार्थनेच्या भिंतीपलीकडून ऐकूही आला होता. आणि खांद्यावर काहीच नव्हतं. सोमवारी होतं तसलं काहीही नाही. अर्धा तास कोणी मागे उभं होतं, आणि घड्याळताईंना त्याचा पत्ता नव्हता.

"चेहरा पाहिलास?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे पाठ होती." त्याने फडकं खाली ठेवलं. "वळली असती तरी मी पाहिला नसता. खरं सांगतो, मान खाली घालून नट आवळत बसलो. एकच नट, दहा वेळा." मग एकदम म्हणाला, "घरी चल. वरची खोली रिकामी आहे. तुझी वहिनी कधीची म्हणतेय."

"आणि पाळी कोण करणार?"

"अगं, तुला काय मिळतं तिथे बसून?"

हे त्याने शंभरदा थट्टेत विचारलं होतं. आज तो थट्टा करत नव्हता, म्हणून त्यांनीही खरं सांगितलं. "काही नाही. बावीस वर्षं काही नाही. समोर भिंत असते आणि मी असते."

"मग बसतेस कशाला?"

"माझी पाळी असते म्हणून."

जाताना भावाने तिच्या डोक्यावरचा रुमाल उगाच नीट केला, लहानपणी तिने त्याचं टोपरं नीट करावं तसा, आणि गेला.

पुढच्या गुरुवारी अकराच्या सुमारास, धाकटीच्या पाळीत, तिला चक्कर आल्याचं घड्याळताईंना काचेतून दिसलं. त्या आत गेल्या आणि तासभर आधीच तिच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटी उठली. नियमाने तडक लाँड्रीत गेली आणि त्याच चकरेत प्रेसला लागली. दोनच मिनिटांत किंचाळी ऐकू आली. तिचा हात प्रेसखाली सापडला होता.

घड्याळताई जागच्या हलल्या नाहीत. बोळातून धावण्याचा आवाज आला, मग भावाचा. नळी पुन्हा गळू लागली म्हणून तो त्या दिवशी आला होता, हे नशीब. "तायडे, हिला पलीकडे रुग्णालयात नेतोय!" तो बंद दाराबाहेरून ओरडला. "थोरल्या एकट्या आहेत!" मग बाहेरचं दार आपटलं आणि घर गप्प झालं.

ठीक आहे. मग संध्याकाळी सहापर्यंत आपणच बसायचं. सात तास. यापूर्वी पाच बसल्या होत्या त्या, तापात. यात काही अशक्य नव्हतं.

सव्वाच्या सुमारास भिंतीपलीकडून वाटीवर चमचा वाजला.

थोरल्यांना मोठ्याने हाक मारता येत नसे, म्हणून वाटी आणि चमचा उशाशी असायचा. पाणी हवं असलं की एकदा. कूस बदलायची असली की दोनदा. आता तो वाजत राहिला. थांबत, अडखळत, पुन्हा वाजत. वाजवणाऱ्या हाताला दिशा राहिली नव्हती. चमचा मधेच वाटीऐवजी खाटेच्या लोखंडावर लागत होता.

घड्याळताईंनी चाळीस वर्षांत या घरात सत्तावीस बहिणी पोचवल्या होत्या. तो आवाज कसला, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

एक्क्याण्णव वर्षांत त्या दोन गोष्टी एकाच दुपारी कधी आल्या नव्हत्या.

भिंतीच्या त्या बाजूला चाळीस वर्षांची म्हातारी माया. ज्यांनी त्यांना पहिल्या चादरीची घडी घालायला शिकवलं, तापात डोकं मांडीवर घेतलं, आणि "समोर कोणी नाही" हे ऐकूनही ज्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. भिंतीच्या या बाजूला चुना.

उठून जा, त्यांचं मन म्हणालं. कोणासाठी बसली आहेस?

त्या उठल्या नाहीत. रडू मात्र आलं. मोठ्याने, लहान मुलीसारखं, हनुवटीवरून झग्यावर ओघळलं. चमचा वाजला. बराच वेळ थांबला. पुन्हा एकदा वाजला, अगदी हलका.

मग बावीस वर्षांचा ताठा त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला.

"कोणी असेल तर या," त्या म्हणाल्या.

काही झालं नाही. दिवा हलला नाही. आतही काही उजळलं नाही.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला नाही.

डाव्या खांद्यावर उजवा हात पडला.

तो जड होता. ओळखीचा नव्हता. बोटं जिथे पडायला हवीत तिथेच पडली.

घड्याळताई उठल्या. गुडघे कडकड वाजले. मान वळवावी असं मानेतल्या प्रत्येक शिरेला वाटत होतं. त्यांनी ती वळवली नाही. पुढचं दार उघडलं, बाहेर पडल्या आणि मागे हात करून, न बघता, ओढून घेतलं.

थोरल्या उशीवरून घसरल्या होत्या. घड्याळताईंनी त्यांना उचलून छातीशी धरलं. अंगात वजन उरलंच नव्हतं. थोरल्यांनी डोळे उघडले, ओळखलं आणि पहिल्यांदा रागावल्या.

"आसनावर?"

"आहे कोणीतरी," घड्याळताई म्हणाल्या. हे वाक्य बावीस वर्षांत त्यांनी उच्चारलं नव्हतं.

"कोण?"

"पाहिलं नाही."

थोरल्यांचा चेहरा सैल झाला. "शाबास," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या तासभर होत्या. घड्याळताईंनी त्यांचे ओठ ओले केले, तळवे चोळले, सगळ्या जुन्या बहिणींच्या खोड्या एकेक करून सांगितल्या. घोरणारी, साबण चोरणारी, झोपेत गाणारी. दोन वाजून दहा मिनिटांनी श्वास थांबला. त्यांनी डोळे मिटवले, हनुवटी बांधली, हात छातीवर ठेवले. मग तोंड धुतलं, रुमाल नीट बांधला आणि बोळातून मागच्या दाराशी आल्या.

काचेतून पाठ दिसली.

पांढरा झगा, पांढरा रुमाल. ताठ बसलेली. ज्यांनी पाठी बघण्यात आयुष्य घालवलं, त्या घड्याळताईंना ती पाठ घरातल्या कोणाचीही वाटली नाही. श्वासाने पाठ हलते. ही हलत नव्हती.

पळून जाता आलं असतं. रस्ता वीस पावलांवर होता, भरदुपारची वेळ, बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते. पण जो बसला आहे त्याला उठवायला येणारं कोणी नसेल, तर तो बसूनच राहणार. हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

त्या आत गेल्या. उजवा हात उचलला आणि डाव्या खांद्यावर ठेवला.

कापड होतं. खाली खांदा होता. ऊब नव्हती, गारवाही नव्हता. आणि तो खांदा थरथरत होता, फार वेळ कोणी आलंच नाही म्हणजे थरथरतो तसा.

ते उठलं. उंच होतं. वळलं नाही. पुढच्या दाराने गेलं आणि दार हलकेच लागलं.

घड्याळताई बसल्या. समोर भिंत. आत अंधार, होता तसा, तेवढाच. त्याला त्या ओळखत होत्या. त्यांनी पाठ सरळ केली आणि पहिल्या शब्दापासून प्रार्थना सुरू केली. आसन एक्क्याण्णव वर्षांत रिकामं राहिलं नव्हतं, आणि यात आज आपलाही वाटा आहे, या विचाराने त्यांची छाती भरून आली.

थोड्या वेळाने लाँड्रीत प्रेस चालू झाला. वाफेचा सुस्कारा, दाब, पुन्हा सुस्कारा. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी एकही शब्द चुकू दिला नाही.

सहाला त्या उठल्या. लाँड्रीत दिवा लावला. मोठ्या मेजावर रुग्णालयाच्या चादरी रचून ठेवलेल्या होत्या. सगळ्या, एकूण एक. बाजूला छोट्या मेजावर दोन वेगळ्या. त्या घरात कोणी वारली की तिला गुंडाळायला तिच्या उंचीची नवी चादर कापत, टीप घालत, इस्त्री करत. हे काम घरातलीच करायची. पहिली चादर आखूड होती, थोरल्यांच्या मापाची.

दुसरी त्यांनी उलगडून अंगाला लावून पाहिली. हनुवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत बरोबर बसली.

मग चादर पुन्हा जुन्या दुमडींवर घडी करून ठेवली आणि सवयीने तिच्यावरून तळवा फिरवला. दुसऱ्या कोणाच्या इस्त्रीत त्यांना आजवर चूक सापडली नाही असं झालं नव्हतं. या चादरीत एकही सुरकुती नव्हती, आणि ती अजून गरम होती.